डीएनएससेकच्या साइनिंग की कशा सांभाळायच्या? ऑडिटवाले म्हणतात रोटेट करा, डोमेन बंद पडायची भीती वाटते

सांगलीचा_सिस्टीमवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही म्हणून लिहितोय.

आमची शिक्षण संस्था आहे, कॉलेजं, शाळा, एक आयटीआय, सगळ्यांचं मिळून एकच जुनं डॉट कॉम डोमेन. मेल, ॲडमिशन पोर्टल, फी भरायचं पेज, निकाल सगळं त्याच्याखालीच. नेमसर्व्हर आमचेच आहेत, उबुंटू २२.०४ वर बाइंड (नेमसर्व्हरचं सॉफ्टवेअर) ९.१८, प्रायमरी संस्थेच्या सर्व्हर रूममध्ये आणि सेकंडरी बाहेर एका व्हीपीएसवर. माझ्या आधी जे सर बघायचे त्यांनी स्वतः स्क्रिप्ट लिहून डीएनएससेक, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवर डिजिटल सही, चालू करून ठेवलंय. दर रविवारी क्रॉन लागतो, तो झोनवर (डोमेनच्या सगळ्या रेकॉर्डांच्या फाइलीवर) सह्या करणारी साइनझोनची कमांड चालवतो आणि झोन रीलोड करतो. की दोन आहेत, दोन्ही अल्गोरिदम ८ (आरएसए) च्या, केएसके (की वर सही करणारी की) २०४८ बिटची आणि झेडएसके (झोनच्या रेकॉर्डांवर सही करणारी की) १०२४ ची, फाइलीत क्रिएटेड २०१९ लिहिलेलं आहे. प्रायव्हेट की त्याच प्रायमरी सर्व्हरवर बाइंडच्या फोल्डरमध्ये साध्या फाइली म्हणून पडल्यात.

आता सिक्युरिटी ऑडिट झालं आणि रिपोर्टमध्ये हे सगळं लाल रंगात आलंय. की कधीच रोटेट केल्या नाहीत, प्रायव्हेट की डिस्कवर आहेत, एचएसएम (की सुरक्षित ठेवणारी वेगळी पेटी) नाही, की बदलायची लेखी पद्धत नाही. सेक्रेटरी साहेब म्हणतात लवकर क्लोज करा. मला बाइंड बऱ्यापैकी येतं पण डीएनएससेक मी कधी स्वतः उभं केलेलं नाही, आणि जून तोंडावर आलाय, ॲडमिशनच्या दिवसात पोर्टल बंद पडलं तर पोरांचे आणि पालकांचे हाल होतील.

तर विचारायचं हे की केएसके दरवर्षी बदलायलाच लागते का, बदलताना डोमेन गायब होऊ नये म्हणून नेमकं काय सांभाळायचं, आणि एवढ्याशा संस्थेला एचएसएम खरंच लागतो का. ऑफिसातल्या एका मित्राचं म्हणणं आहे की रजिस्ट्रारकडचा (डोमेन जिथून घेतलं त्या कंपनीकडचा) डीएस, म्हणजे आमच्या की ची वर दिलेली नोंद, काढून टाक, विषय संपव. तसं केलं तर काय होईल?

पोर्ट_त्रेपन्न

पहिलं म्हणजे ॲडमिशन संपेपर्यंत की बदलू नका. ऑडिटरला लेखी कळवा की अमुक तारखेला काम सुरू करतोय, कुठलाही समजूतदार ऑडिटर तारीख आणि प्लॅन बघून मुद्दा ओपन ठेवतो पण वाढवत नाही.

दुसरं, आणि हे आजच करा, तो क्रॉन बघा. डीएनएससेकमध्ये की ला स्वतःची एक्सपायरी नसते, २०१९ ची की आजही तशीच चालते. एक्सपायरी असते ती सह्यांना, म्हणजे आरआरसिग रेकॉर्डला. साइनझोनला वेगळं काही सांगितलं नसेल तर सही ३० दिवसांची पडते. क्रॉन रविवारी चालतोय तोवर ठीक, पण एखाद्या रविवारी डिस्क भरली म्हणून किंवा कुणी झोन फाइलीत एक ठिपका चुकवला म्हणून स्क्रिप्ट फेल झाली आणि कुणाला कळलं नाही, तर महिनाभर सगळं झक्कास चाललेलं दिसतं आणि मग एका सकाळी ८.८.८.८ आणि १.१.१.१ (गूगल आणि क्लाउडफ्लेअरचे डीएनएस) वाल्या सगळ्यांना तुमचं डोमेन सर्व्हफेल, म्हणजे उत्तरच नाही. डिग (डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड) मारताना डीएनएससेकचा ऑप्शन लावा, आरआरसिगच्या ओळीत लागोपाठ दोन तारखा दिसतील, त्यातली पहिली संपायची आणि दुसरी सुरू झाल्याची, बरेच जण उलटं वाचतात. पहिल्या तारखेला दहा दिवसांपेक्षा कमी राहिले की अलर्ट येईल असं मॉनिटरिंग लावा, नेमसर्व्हर दोन्ही वेगवेगळे तपासा कारण सेकंडरीला नवा झोन पोचला नाही तरी तोच घोळ होतो. आणि क्रॉनचा मेल कुणाला जातोय ते पण बघा.

आता रोटेशन. की बदलण्यात खरा धोका कुठे आहे ते लक्षात घ्या. केएसके तुमच्याकडे आहे पण तिचा हॅश, म्हणजे डीएस, डॉट कॉमच्या झोनमध्ये आहे, आणि तो तिथं तुमच्या रजिस्ट्रारमार्फत जातो. हे बँकेतल्या नमुना सहीसारखं आहे, नवी सही करायला लागायच्या आधी नवा नमुना बँकेत पोचलेला पाहिजे आणि शाखेत सगळ्यांनी तो बघितलेला पाहिजे, तोवर जुना नमुना काढायचा नाही. इथं शाखा म्हणजे जगभरचे रिझॉल्व्हर (लोकांच्या वतीने डोमेनचा पत्ता शोधून देणारे सर्व्हर), आणि त्यांच्याकडे जुना नमुना किती वेळ राहणार ते डीएसचा टीटीएल ठरवतो. डॉट कॉममध्ये तो ८६४०० सेकंद आहे, पूर्ण एक दिवस.

झेडएसकेचं तसं नाही. ती वर कुणाला कळवायला लागत नाही, तुमच्या केएसकेनेच तिच्यावर सही केलेली असते, त्यामुळे ती बदलणं पूर्ण तुमच्या हातात. नवी की आधी नुसती प्रसिद्ध करायची, डीएनएसकीचा (की ज्यात प्रसिद्ध होतात त्या रेकॉर्डचा) टीटीएल जाऊ द्यायचा, मग तिने सह्या सुरू करायच्या, जुन्या सह्या सगळ्यांच्या कॅशमधून गेल्या की जुनी की काढायची.

दरवर्षी केएसके बदलावीच असा कुठलाही नियम स्टँडर्डमध्ये नाही. खुद्द रूटची (डीएनएसच्या सगळ्यात वरच्या झोनची) पहिली केएसके २०१० मध्ये आली, ती बदलली ११ ऑक्टोबर २०१८ ला. ठरलं होतं ११ ऑक्टोबर २०१७, पण काही रिझॉल्व्हर तयार नाहीत अशी चिन्हं दिसल्यावर रूटची की सांभाळणाऱ्या आयकॅनने वर्षभर थांबायचा निर्णय घेतला. तारीख आली म्हणून की बदलली असं त्यांनी केलं नाही, आणि माझ्या मते तो फार शहाणपणाचा निर्णय होता. पुढची की, जिचा टॅग (ओळख क्रमांक) ३८६९६ आहे, ती २०२४ मध्ये तयार केली, जानेवारी २०२५ पासून रूट झोनमध्ये दिसायला लागली आणि सही करायला तिला ११ ऑक्टोबर २०२६ ची तारीख दिलीये. एवढी लांबड कशासाठी, तर जुनी की ज्यांच्याकडे पोचलीये त्या सगळ्यांकडे नवी पोचेपर्यंत थांबण्यासाठी.

पण तुमची १०२४ बिटची झेडएसके मात्र बदला, तिथं ऑडिटरचं बरोबर आहे. रूटनेसुद्धा आपली झेडएसके २०१६ मध्ये १०२४ वरून २०४८ वर नेली.

विनायक_क्लाउड

एवढं डोकं लावण्यापेक्षा झोन एखाद्या मॅनेज्ड डीएनएसवाल्याकडे टाका, साइनिंग तेच करतात, की पण त्यांच्याच एचएसएममध्ये. आमच्याकडे दोन क्लायंटना तसंच करून दिलं.

पोर्ट_त्रेपन्न

विनायक, पर्याय वाईट नाही, पण तिकडे जाताना तुमच्या दोन क्लायंटचं डीएनएससेक आधीपासून चालू होतं का? यांचं चालू आहे. डीएस तसाच ठेवून नुसते नेमसर्व्हर बदलले तर नव्या प्रोव्हायडरच्या की त्या डीएसशी जुळणार नाहीत आणि डोमेन व्हॅलिडेशन करणाऱ्या, म्हणजे सह्या तपासणाऱ्या, सगळ्यांसाठी मेलं. नेमसर्व्हर हलवताना सगळ्यात जास्त वेळा होणारा अपघात हाच आहे. एकतर आधी डीएस काढून दिवसभराहून जास्त थांबून मग हलायचं, नाहीतर दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या झेडएसके आपापल्या डीएनएसकीमध्ये दाखवायच्या आणि दोन्ही केएसकेचे डीएस वर लावायचे, ज्याला मल्टी-सायनर म्हणतात. ते करायची सोय प्रत्येक प्रोव्हायडर देत नाही.

अनुजा_नेमसर्व्हर

दादा, त्या स्क्रिप्टमधून बाहेर पडा. बाइंड ९.१६ पासून डीएनएससेक-पॉलिसी आहे, ९.१८ मध्ये ती चांगली मुरलेली आहे, आणि सह्या ताज्या ठेवणं, की बदलणं, टीटीएल मोजणं हे सगळं नेमडी (बाइंडचा चालू प्रोग्राम) स्वतः करतो. पॉलिसीत सही दोन आठवड्यांची असते आणि संपायच्या पाच दिवस आधी नवी पडते, क्रॉनची गरजच राहत नाही. मी पुण्यात एका कंपनीत बरेच झोन असे हलवलेत, तर जिथं माणसं अडकतात तेवढंच सांगते.

सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे पहिल्या दिवशी सरळ नवी पॉलिसी लावणं. नुसती डिफॉल्ट पॉलिसी लावली तर बाइंडला हवी असते अल्गोरिदम १३ (ईसीडीएसए) ची एकच की, तुमच्या दोन्ही की तिच्याशी जुळत नाहीत, मग तो तुम्हाला न विचारता रोलओव्हर सुरू करतो. म्हणून आधी अशी पॉलिसी लिहा जी आजच्या की शी तंतोतंत जुळते, केएसके अल्गोरिदम ८ लांबी २०४८ लाइफटाइम अनलिमिटेड, झेडएसके अल्गोरिदम ८ लांबी १०२४ लाइफटाइम अनलिमिटेड. लांबी लिहायला विसरू नका, लिहिली नाही तर बाइंड आरएसएसाठी २०४८ धरतो आणि तुमची १०२४ वाली झेडएसके नापसंत ठरते. ही पॉलिसी लावल्यावर झोनमध्ये काहीही बदललेलं दिसता कामा नये, त्याच की, तेच टॅग. तसं दिसलं की अर्धी लढाई जिंकली.

दुसरा खड्डा उबुंटूचाच आहे. ॲपआर्मर (कुठल्या प्रोग्रामने कुठल्या फाइलींना हात लावायचा ते ठरवणारी उबुंटूची सुरक्षा) च्या प्रोफाइलमध्ये नेमडीला ईटीसीतल्या बाइंड फोल्डरमध्ये फक्त वाचायची परवानगी असते, लिहायची नाही. पॉलिसीला तर की च्या शेजारी स्टेट फाइल लिहावी लागते आणि सही केलेला झोन पण लिहावा लागतो. त्यामुळे की आणि झोन व्हार-लिब खालच्या बाइंड फोल्डरमध्ये हलवा, मालकी बाइंड युजरची, प्रायव्हेट फाइली फक्त त्यालाच वाचता येतील अशा. पर्मिशन चमोडने कितीही उघडल्या तरी ॲपआर्मर अडवतोच आणि लॉगमध्ये नुसतं परमिशन डिनाइड दिसत राहतं, माणूस तासन्‌तास फिरत बसतो.

तिसरं सिरीयल नंबर, म्हणजे झोनच्या आवृत्तीचा आकडा. आता तुम्ही सही केलेली फाइल सर्व्ह करताय, उद्या सही न केलेली मूळ फाइल देऊन इनलाइन-साइनिंग (सही बाइंडनेच करायची) लावाल. मूळ फाइलीतला सिरीयल आजच्या सही केलेल्या झोनपेक्षा मोठा करून मगच रीलोड करा, नाहीतर सेकंडरी म्हणेल माझ्याकडे याहून नवं आहे आणि ट्रान्सफर घेणारच नाही. मग पोर्ट_त्रेपन्न म्हणाले तसं तिथल्या जुन्या सह्या हळूहळू संपत जातात.

हे सगळं स्थिर झालं, दोन-चार आठवडे काही कुरबूर नाही, की मग अल्गोरिदम १३ वर जा, एकच की, जिला सीएसके म्हणतात, लाइफटाइम अनलिमिटेड. केएसके-झेडएसके वेगळ्या ठेवण्याचा फायदा तेव्हाच जेव्हा केएसके खरोखर वेगळ्या जागी कुलपात असते. दोन्ही एकाच डिस्कवर एकाच फोल्डरमध्ये असतील तर वेगळेपणाने सुरक्षितता काही वाढत नाही, काम मात्र वाढतं. १३ ची सही ६४ बाइटची, २०४८ च्या आरएसएची २५६ बाइटची, त्यामुळे उत्तरं पण लहान होतात. आणि १३ नवखा आहे म्हणून घाबरायचं कारण नाही, डॉट कॉमचा झोनच २०२३ च्या डिसेंबरात ८ वरून १३ वर गेला.

अल्गोरिदम बदलताना बाइंड आपणहून नवी की घालतो, तिच्या सह्या घालतो, सगळीकडे पोचायला जेवढा वेळ लागेल तेवढा थांबतो, आणि मग एका जागी येऊन अडतो ते म्हणजे डीएस. तो वर लावणं तुमचं काम आहे. आरएनडीसीचा (बाइंडला सूचना द्यायच्या कमांडचा) डीएनएससेक स्टेटस बघत राहा, तिथं प्रत्येक की ची अवस्था दिसते, आधी रूमर्ड म्हणजे नुकतीच बाहेर पडलेली, मग ऑम्निप्रेझेंट म्हणजे सगळीकडे पोचली. नव्या की च्या डीएनएसकी आणि झोनच्या सह्या दोन्ही ऑम्निप्रेझेंट झाल्याशिवाय रजिस्ट्रारच्या पॅनेलला हात लावायचा नाही. मग नवा डीएस टाका, डॉट कॉमच्या नेमसर्व्हरना थेट विचारून तो दिसतोय याची स्वतः खात्री करा, आणि चेकडीएसची कमांड देऊन बाइंडला कळवा की नवा पब्लिश झाला. जुना काढलात की तो विथड्रॉन झाला हे पण कळवायचं. पॅनेलमध्ये सेव्ह झालं म्हणजे वर गेलं असं कधीही धरू नका, पॅनेल आणि रजिस्ट्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सांगलीचा_सिस्टीमवाला

अनुजाताई, पोर्ट_त्रेपन्न सर, फार फार आभार, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. लगेच बघितलं. क्रॉनचा मेल जुन्या सरांच्या संस्थेच्या मेलबॉक्सला जात होता, तो मेलबॉक्स आता बंद आहे. सह्या सध्या ताज्या आहेत, अलर्ट लावून टाकला, दोन्ही सर्व्हरवर वेगळा.

पण एक नवीनच गोष्ट कळली. रजिस्ट्रारचं लॉगिन कुणाकडे आहे हे ऑफिसात कुणालाच माहीत नाही. अकाउंट्सवाले दरवर्षी इन्व्हॉइस आलं की पैसे भरतात एवढंच. जुन्या सरांना मेसेज केला तर ते म्हणाले अकाउंटचा युजरनेम त्यांचा वैयक्तिक मेल आहे आणि ओटीपी संस्थेच्या ॲडमिन मेलवर येतो. ते मदत करायला तयार आहेत, माणूस चांगला आहे. हे आधी नीट करावं का रोलओव्हर?

नाशिकचा_आयएसपीवाला

हे आधी करा, बाकी सगळं नंतर.

मी रिझॉल्व्हरच्या बाजूला बसतो, एका छोट्या आयएसपीचे रिझॉल्व्हर सांभाळतो, आमच्याकडे व्हॅलिडेशन चालू आहे. ऑडिटरला प्रायव्हेट की डिस्कवर दिसली म्हणून काळजी वाटते, ती वाटायला हरकत नाही, पण ज्याच्याकडे रजिस्ट्रारचं लॉगिन आहे त्याला तुमची प्रायव्हेट की चोरायची गरजच नाही. तो नेमसर्व्हर बदलेल, डीएस बदलेल, स्वतःच्या की ने सही केलेला झोन देईल आणि आमचा रिझॉल्व्हर तो आनंदाने खरा मानेल. उलट तुमची की हरवली, डिस्क जळली, बॅकअप पण गेला, तरी लॉगिन हातात असेल तर नवी की बनवून नवा डीएस लावता येतो, एखाद दिवस त्रास होईल पण डोमेन तुमचंच राहतं. म्हणून की च्या बंदोबस्तात पहिली ओळ लिहायची ती ही, की डीएस कोण बदलू शकतो.

आणि तो ओटीपी. ॲडमिन मेल त्याच डोमेनवर आहे ना? समजा डीएस चुकला, डोमेन बोगस झालं, की तुमच्या डोमेनचा एमएक्स (मेल कुठे पाठवायचा ते सांगणारा रेकॉर्ड) पण कुणाला मिळणार नाही, रजिस्ट्रारचा मेल सर्व्हर जर व्हॅलिडेशन करणाऱ्या रिझॉल्व्हरमागे असेल तर ओटीपी तुमच्यापर्यंत येणारच नाही. म्हणजे ज्या दिवशी डीएस दुरुस्त करायला आत जायचंय त्याच दिवशी दार बंद. अकाउंट संस्थेच्या नावावर घ्या, संपर्काचा मेल दुसऱ्या डोमेनवरचा द्या, टू-फॅक्टर ॲपवर न्या, आणि रिकव्हरी कोड कागदावर छापून बंद पाकिटात सेक्रेटरींच्या कपाटात ठेवा.

आता त्या डीएस काढून टाक म्हणणाऱ्या मित्राबद्दल. डीएनएससेक शांतपणे बंद करता येतं, पण क्रम असतो. आधी वरचा डीएस काढायचा, त्याचा टीटीएल पूर्ण जाऊ द्यायचा, तोवर झोन सही केलेलाच ठेवायचा, मग सह्या आणि की काढायच्या. बाइंडमध्ये त्यासाठी इनसिक्युअर नावाची पॉलिसीच आहे, कॉन्फिगमधली ओळ नुसती खोडायची नाही. सप्टेंबर २०२१ च्या ३० तारखेला स्लॅक कित्येकांना उघडत नव्हतं ते आठवतंय का? डीएनएससेक चालू करताना वाइल्डकार्ड रेकॉर्डवरून अडचण आली, त्यांनी घाईत डीएस काढला आणि झोनची सही पण बंद केली, आणि ज्या रिझॉल्व्हरांच्या कॅशमध्ये जुना डीएस होता त्यांना सह्या सापडेनात. डीएस वरून गेला तरी कॅशमधून जायला एक दिवस लागला. न्यूझीलंडच्या डॉट एनझेडला मे २०२३ मध्ये केएसके बदलताना तसाच फटका बसला, जुनी की निघाली तेव्हा जुना डीएस अजून कॅशमध्ये होता. एवढी अनुभवी रजिस्ट्री.

आणि दोष कुणावर येतो तर आयएसपीवर. जानेवारी २०१२ मध्ये नासाच्या डोमेनची की बदलताना डीएस जुळला नाही, अमेरिकेत कॉमकास्टने तेव्हा नुकतंच सगळीकडे व्हॅलिडेशन चालू केलं होतं, तर लोक म्हणायला लागले की कॉमकास्टने नासा ब्लॉक केलं. आमच्याकडे पण फोन येतो तो असाच, दुसऱ्या नेटवरून उघडतंय तुमच्याकडेच उघडत नाही. मग कॉल सेंटरच्या मुलीने काय समजावून सांगायचं? म्हणून तुमच्यासारखे लोक नीट विचारून करतात तेव्हा मनापासून बरं वाटतं.

काढू नका मात्र. तुमच्या डोमेनवर फी भरली जाते.

सांगलीचा_सिस्टीमवाला

काढत नाही, पटलं. लॉगिनचं काम सुरू करतो, जुन्या सरांबरोबर शनिवारी कॉल ठरवलाय. एचएसएमबद्दल कुणी सांगेल का? कोटेशन मागवलंय आणि आकडा बघून सेक्रेटरी गप्प झालेत.

पोर्ट_त्रेपन्न

एचएसएम कशासाठी असतो ते रूटच्या बाबतीत बघा. अमेरिकेत दोन जागा आहेत, व्हर्जिनियात कल्पेपर आणि कॅलिफोर्नियात एल सेगुंडो. प्रत्येक जागी तिजोऱ्या, एकीत एचएसएम, दुसरीत ते चालू करायची स्मार्टकार्डं, आणि जगभरातून निवडलेल्या माणसांपैकी, प्रत्येक जागेला सात, निदान तिघे हजर असल्याशिवाय केएसके काही करत नाही. सगळा सोहळा कॅमेऱ्यासमोर, स्क्रिप्टची ओळ न ओळ वाचत, कुणीही बघू शकतं. २०२० च्या फेब्रुवारीत एल सेगुंडोला तिजोरीचं कुलूपच उघडेना तर सोहळा काही दिवस पुढे ढकलला. मग करोना आला, तेव्हा एप्रिलच्या सोहळ्यात नेहमीसारखं तीन महिन्यांचं न करता पुढच्या नऊ महिन्यांचं साइनिंग एकदम उरकून घेतलं. हे जमलं कारण केएसके रोज लागतच नाही, ती आधीच पुढच्या काळातल्या झेडएसकेंवर सह्या करून ठेवते.

या सगळ्यातून तुमच्या कामाचं काय? एचएसएमची पेटी नाही. कामाचं आहे ते हे, की स्क्रिप्ट लिहिलेली आहे, एकटा माणूस काही करत नाही, आणि केलेलं नोंदवलं जातं. पेटी घेतली आणि तिचा पिन कॉन्फिग फाइलीत त्याच सर्व्हरवर ठेवला, जसा बहुतेक ठिकाणी ठेवतात, तर सर्व्हरमध्ये घुसलेल्याला की चोरता येणार नाही हे खरं, पण तिथं बसून हवी ती सही करून घेता येईल. त्या पैशात तुम्ही याहून चांगलं करू शकता. प्रायमरी सर्व्हर लपवा, म्हणजे तो एनएस रेकॉर्डमध्ये नको, बाहेरच्या कुणाला त्याच्या पोर्ट ५३ पर्यंत पोचता येऊ नये. बाहेर दोन सेकंडरी, वेगवेगळ्या नेटवर्कवर, त्यांना झोन टीसिगने (दोन्ही सर्व्हरकडच्या गुप्त की ने सही करून) जाईल. की फक्त त्या लपलेल्या मशीनवर, त्याची डिस्क एन्क्रिप्ट केलेली, एसएसएच फक्त तुमच्या दोघा-तिघांच्या की ने. की ची एन्क्रिप्टेड बॅकअप दोन ठिकाणी, आणि ती उघडून बघितलेली, नुसती घेतलेली नाही. ऑडिटरला हे चित्र काढून द्या. लेखी पद्धत पण लिहा, अनुजाताईंनी सांगितलेला क्रमच लिहिला तरी ती पद्धतच झाली.

एक महत्त्वाचं, डीएनएससेकच्या की ने काहीही एन्क्रिप्ट होत नाही. टीएलएस किंवा मेलच्या की सारखं, आज की फुटली तर मागचं सगळं वाचलं गेलं, असं इथं नसतं. की फुटली तर पुढे कुणीतरी खोटी उत्तरं देऊ शकतो, आणि त्यासाठी त्याला वाटेत कुठेतरी बसायला पण लागतं. तुम्ही की बदललीत की तो धोका संपला. म्हणून लवकर आणि न घाबरता की बदलता येणं याला जास्त महत्त्व.

अनुजा_नेमसर्व्हर

हो, आणि म्हणूनच वर्षातून एकदा सराव करावा असं माझं ठाम मत आहे, पण सराव खऱ्या डोमेनवर नाही. एखादं स्वस्तातलं डोमेन घ्या, त्याच सर्व्हरवर त्याच पॉलिसीने चालवा, त्याचा रोलओव्हर करा, डीएस लावा, काढा, मुद्दाम चुकवा आणि डीएनएसव्हिझवर (डीएनएससेक तपासून दाखवणाऱ्या साइटवर) चित्र लाल कसं होतं ते बघा. डिगला चेकिंग बंद करायचा सीडी ऑप्शन लावून उत्तर येतं आणि न लावता सर्व्हफेल येतं, म्हणजे नक्की डीएनएससेकचाच घोळ, हे हाताला बसलं पाहिजे. डेल्व्ह (डिगसारखीच, पण सह्या तपासणारी कमांड) चालवलं तर कुठल्या पायरीवर तुटलं ते पण सांगतो.

नाशिकचा_आयएसपीवाला

संस्थेतले आतले रिझॉल्व्हर कुठले आहेत? लॅबमधल्या पीसींना कोण उत्तर देतं? ते स्वतः व्हॅलिडेशन करत असतील तर त्यांच्याकडे रूटची ३८६९६ वाली की आलीये का ते पण आत्ताच बघून घ्या. बाइंड असेल तर आरएनडीसीला मॅनेज्ड-कीजचा स्टेटस विचारा, अनबाउंड (दुसरं रिझॉल्व्हर सॉफ्टवेअर) असेल तर त्याची रूट की ची फाइल उघडा, तिथं टॅग दिसतो आणि ती व्हॅलिड आहे का ते पण. चालू मशीनवर नवी की आपोआप घेतली जाते, पण महिनाभर तरी सतत दिसावी लागते आणि ती फाइल लिहिता यावी लागते. जुन्या इमेजवरून उभा केलेला व्हीएम, किंवा दर बूटला पूर्वीच्या अवस्थेत जाणारा कंटेनर, हे राहून जातात.

सांगलीचा_सिस्टीमवाला

आतला अनबाउंड बघितला. मेन सर्व्हरवर दोन्ही टॅग आहेत, २०३२६ (रूटची २०१८ ला आलेली की) आणि ३८६९६, दोन्ही व्हॅलिड. हॉस्टेलच्या बिल्डिंगमधला एक जुना व्हीएम आहे त्यात मात्र फक्त २०३२६ होती आणि फाइलीचा मालक रूट युजर, म्हणजे अनबाउंडला लिहिताच येत नव्हतं. मालकी बदलली, पॅकेज अपडेट केलं, आता दिसतेय. हे विचारलं नसतंत तर कधी कळलं नसतं.

ऑडिटरला प्लॅन लिहून पाठवलाय. रजिस्ट्रार अकाउंट आणि मॉनिटरिंग आत्ता, जुळणारी पॉलिसी आणि लपलेला प्रायमरी ॲडमिशन संपल्यावर, अल्गोरिदम १३ दिवाळीच्या सुट्टीत. एकच शेवटचं विचारतो, रोलओव्हरच्या आधी टीटीएल कमी करून ठेवू का, म्हणजे काही चुकलं तर लवकर सावरता येईल?

अनुजा_नेमसर्व्हर

डीएसचा टीटीएल तुमच्या हातात नाही, तो डॉट कॉमचा आहे, एक दिवस म्हणजे एक दिवस. बाइंडच्या पॉलिसीत पॅरेंट-डीएस-टीटीएल डिफॉल्टला एक दिवसच धरलेला असतो तो तसाच राहू द्या. तुमच्या डीएनएसकीचा टीटीएल पॉलिसीत एक तास असतो, पण आत्ता झोनमध्ये किती आहे ते डिग मारून बघा, जुन्या स्क्रिप्टने एक दिवस किंवा जास्त ठेवलेला असू शकतो. तसा असेल तर जुळणारी पॉलिसी लावाल तेव्हाच तो एक तासावर येईल, फक्त जुना टीटीएल पूर्ण निघून जाईपर्यंत पुढची पायरी नको. आणि झोनमध्ये कुठल्या रेकॉर्डचा टीटीएल एक दिवसापेक्षा मोठा असेल, एमएक्सचा किंवा एनएसचा असतो बऱ्याचदा, तर तो आधी खाली आणा, कारण सह्या कॅशमधून कधी जातील ते बाइंड झोनच्या सगळ्यात मोठ्या टीटीएलवरून मोजतो आणि पॉलिसीत ती मर्यादा एक दिवस धरलेली आहे. दिवाळीत डीएस बदलाल तो सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी बदला, म्हणजे पुढचे दोन दिवस रजिस्ट्रारचा सपोर्ट फोन उचलतो.